सात दिवसांत मडकं भाजून होत नाही

ग्रीसमधल्या सिफ्नोस बेटावरच्या सात दिवसांच्या कुंभारकाम-सहलीवर एक लेख वाचला. त्यातलं ‘७व्या दिवशी स्वतः घडवलेलं भांडं घेऊन परता’ हे वाक्य काही पटलं नाही. चाकावरून उतरलेलं भांडं सावलीत नीट वाळायलाच साधारण आठवडा जातो. आत ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. पहिली भाजणी सुमारे १००० अंश सेल्सिअसची, मग झिलई, मग दुसरी भाजणी, आणि दर वेळी भट्टी निवायची वाट बघायची. त्यात जुलै-ऑगस्टचा मेल्टेमी, म्हणजे तिथला उत्तरेकडून येणारा जोरदार कोरडा वारा! कडा आधी सुकतात, कपाचे कान तडकतात. वरून प्लास्टिक झाकावंच लागतं.

म्हणून चाकावरचं काम पहिल्या दोन दिवसांत उरका, देवळं-समुद्रकिनारे नंतर. आणि पैसे भरण्याआधी विचारा, भाजणी आणि कुरियर त्यात धरलंय का.