ऑर्गन ज्यांच्या सौजन्याने

माघ लागला की मी अनोळखी नंबरचे फोन उचलत नाही. ओळखीच्यांचे तर मुळीच नाही. “काय, बरे आहात ना?” म्हणून पलीकडचा माणूस आंब्याच्या मोहोरावर बोलतो, तुडतुड्याला शिव्या घालतो आणि मग हळूच विचारतो, “ऑर्गन चालू आहे ना तुमचा?”

आमच्या पावस-पूर्णगड पट्ट्यात देवळाच्या उत्सवात संगीत नाटक नसेल तर देवाला चुकल्यासारखं वाटतं, असा गावाचा समज आहे. गायला माणसं मिळतात. दर दोन घरांआड एक कृष्ण आहे. तबलजी मिळतो. ऑर्गन, म्हणजे पायभात्याची मोठी पेटी, मात्र पंचक्रोशीत एकच, आणि तो आजोबांनी आमच्या ओटीवर आणून ठेवला. आजोबांना तो वाजवता येत नव्हता, बाबांना येत नव्हता, मलाही येत नाही. आमच्या घराण्याकडे फक्त उचलण्याची गायकी आली आहे.

यात अण्णासाहेब किर्लोस्करांना मी दोष देत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक उभं केलं, उत्तम केलं. माझा राग आहे तो बालगंधर्वांवर. त्यांच्या मंडळीत कादरबक्षांची सारंगी होती. ती काखोटीला मारून निघता येतं. तिरखवाँसाहेबांचा तबला होता. तो दोन पिशव्यांत जातो. एवढ्यावर काही अडलं असतं का? पण नारायणरावांना, म्हणजे बालगंधर्वांनाच, ऑर्गन हवा होता. हरिभाऊ देशपांड्यांनी तो असा वाजवला की त्या भरदार सुराशिवाय नाट्यपद लोकांना अळणी लागू लागलं. ते दोघे स्वरांत न्हाऊन निघाले, घामात आम्ही न्हातो.

बरं, वाद्य तरी सोशिक असावं! साधी पेटी हवा बाहेर ढकलते, हा हवा आत ओढतो. पायांनी भाता मारला की बाहेरची हवा पितळी पत्त्यांमधून आत घुसते, आणि आमच्याकडची हवा काही एकटी येत नाही. तांबडी धूळ येते, खारा दमट वारा येतो. श्रावणात मधल्या सप्तकातली काळी तीन दाबली की खाली बसते ती दसऱ्यापर्यंत उठत नाही. भात्याच्या कातड्यात उंदरीण व्याली होती, तेव्हा प्रत्येक आलापाला आतून कोरस होता. पावसाळाभर मी आत साठचा बल्ब लावून ठेवतो. बायको म्हणते, “माझ्या पापडांना कधी लावलात का हो बल्ब?”

यंदा ‘सौभद्र’ होतं. देऊळ खाली, रस्ता वर, मधे दगडी पायऱ्यांची पाखाडी. टेम्पो वरच थांबला. चार पोरांनी ऑर्गन उचलला आणि सवयीने एकाने “गणपती बाप्पा” म्हटलं.

“अरे विसर्जनाला नाही चाललायत!” मी ओरडलो.

“काका, तुम्ही मागून नुसतं धरा.”

मागून नुसतं धरणं म्हणजे काय, हे उतारावर कळतं. निम्म्या वाटेत तो गडग्यावर टेकवला, तर गडग्याचा वरचा चिराच निखळला. पुढचा पोरगा बाजूला झाला. ऑर्गनने मोठा निःश्वास टाकला आणि त्याची पायटी माझ्या अंगठ्यावर टेकली. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालेला स्वर तार सप्तकातला होता, असं तबलजीने नंतर आवर्जून सांगितलं.

नाटक दहाला सुरू झालं. १८८२ च्या मूळ ‘सौभद्रा’त शंभराच्या वर पदं, आमच्या मंडळाने बरीच गाळली होती, ती कसर लोकांनी ‘वन्स मोर’ने भरून काढली. ऑर्गन परत न्यायचा असल्यामुळे मला उठून जायची सोय नव्हती. बलराम दुर्योधनाशी सुभद्रेचं लग्न ठरवतो तिथेच साडेबारा झाले. मी तर मनातून बलरामाच्या बाजूला गेलो होतो. एकदाचं लावून टाका आणि पडदा पाडा.

मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात वन्स मोर घ्यायचा नाही अशी रीत होती. कंडक्टर तोस्कानिनी त्या प्रकाराचा कट्टर वैरी. १९३३ नंतर एकट्या गायकाने ती रीत मोडली थेट २००७ मध्ये, हुआन दिएगो फ्लोरेझने. दोनिझेत्तीच्या ऑपेरातलं नऊ टिपेच्या ‘हाय सी’ सुरांचं पद त्याने पुन्हा गायलं. चौऱ्याहत्तर वर्षांत एक! आमच्या कृष्णाने ‘नच सुंदरी करु कोपा’ला एका बैठकीत तीन घेतले, त्यातला एक त्याच्या सासऱ्याचा. शिवाय तिकडे वादक खड्ड्यात बसतात आणि जड वाद्यं थिएटरची असतात. तोस्कानिनी आमच्या वाडीत जन्मला असता तर मी त्याला आंब्याची पहिली पेटी पोचवली असती.

‘प्रिये पहा’ हे पहाटेचं वर्णन आलं तेव्हा कोंबडा खरोखरच आरवला. त्याचं मात्र मानलं पाहिजे: सूर लागला होता. कृष्ण डोळे मिटून गात होता, तान संपता संपता ऑर्गन त्याच्या खाली असा पसरला की पुढच्या रांगेत पेंगणारे भाऊ एकदम ताठ बसले आणि “वाहवा!” म्हणाले. “वन्स मोर!” कुणीतरी ओरडलं. मीच होतो.

शेवटी आभार. ध्वनिक्षेपकवाले, चहावाले, सुभद्रेचा शालू देणाऱ्या वहिनी, सगळ्यांची नावं झाली. “आणि ऑर्गन ज्यांच्या सौजन्याने...” म्हणून सेक्रेटरींनी आमच्या आजोबांचं नाव घेतलं, त्यांना व्यासपीठावर यायची विनंतीही केली.

मांडव रिकामा झाला. मी अंगठा सांभाळत सेक्रेटरींना गाठलं.

“अहो, वर न्यायला पोरं?”

“ती कृष्णाला सोडायला रत्नागिरीला गेली.”

“मग ऑर्गन?”

“राहू दे की इथेच. येत्या शनिवारी खालच्या वाडीत ‘संशयकल्लोळ’ आहे. त्यांनी तुम्हाला फोन लावला होता म्हणे. तुम्ही उचलला नाहीत, म्हणून मीच हो सांगून टाकलं.”