‘फक्त स्वयंपाकघर कळलं’ म्हणणाऱ्या वाचकास

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री साडेअकराला, त्यामुळे झोपेचं खोबरं झालं. दुसऱ्यांदा सकाळी कॉफीबरोबर, अगदी थंड डोक्यानं. तरीही ती रात्रीइतकीच खुपली. म्हटलं, खाली दोन ओळींत उत्तर देण्यापेक्षा सविस्तरच लिहावं.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या ‘बाल्कनमधले दिवस’ या मागच्या लेखावर एका वाचकानं चार आक्षेप घेतलेत. त्यांनी नाव दिलेलं नाही, ‘एक मराठी माणूस’ एवढीच सही आहे. मी लिहिते एकट्या सर्बियाबद्दल आणि शीर्षकात अख्खा बाल्कन प्रदेश घालते, हा पहिला. स्लावा या सणाला युनेस्कोची मान्यता मिळाल्याचं वर्ष चुकलंय, हा दुसरा. घरातल्या आरपार वाऱ्याला, म्हणजे ‘प्रोमाया’ला, इथली माणसं घाबरतात त्याची मी टिंगल केली, हा तिसरा. युगोस्लाविया फुटताना नव्वदच्या दशकात झालेल्या युद्धांबद्दल लेखात अवाक्षर नाही, हा चौथा. आणि शेवटी एक थेट निकाल: ‘ताई, बारा वर्षं राहून तुम्हाला तिथली माणसं कळली नाहीत, फक्त त्यांचं स्वयंपाकघर कळलं.’

आधी त्या ‘ताई’चं बघू. आपल्याकडे दोन प्रकारची ताई असते. एक भाजीवाला म्हणतो ती, त्यात माया नसली तरी व्यवहार तरी असतो. दुसरी, पुढच्या वाक्यात समोरच्या बाईची अक्कल काढायची असते तेव्हा सुरुवातीला लावायची. तुमची कुठली, ते मी सांगायला नको. टीकेला माझी ना नाही, या ब्लॉगवर माझ्यावर भरपूर टीका झाली आहे आणि ती सगळी जागच्या जागी आहे. पण टीका करताना ‘किमान गूगल तरी करायचं’ असं जे तुम्ही सुनावलंत ना, ते वर्ष चुकण्यापेक्षा जास्त लागलं.

वर्ष चुकलं हे मात्र कबूल. स्लावा युनेस्कोच्या यादीत आली २०१४ साली. २०२२ साली आली ती श्ल्यीवोवित्सा, आलुबुखारची दारू. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर भेटतात म्हणून माझी गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे आणि तुमचे मनापासून आभार मानते. एका आकड्यासाठी तुम्ही सात ओळी खर्ची घातल्यात, पण असो.

शीर्षकाचं म्हणाल तर ‘नोवी बेओग्रादमधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचे दिवस’ असं शीर्षक कुणी उघडलं असतं? तुम्ही क्रोएशियात, झाग्रेबमध्ये तीन वर्षं नोकरी केलीत आणि तिथली माणसं स्वतःला बाल्कन म्हणवून घेत नाहीत, हे मला माहीत आहे. कॉफीला बेलग्रेडमध्ये काफा म्हणतात, बोस्नियातल्या साराएवोत काह्वा आणि झाग्रेबमध्ये कावा. जेझ्वा, म्हणजे लांब दांड्याचं ते कॉफीचं भांडं, तिन्हीकडे तेच. माझ्यापुरतं एवढं पुरे आहे. (तुमच्या प्रतिक्रियेत ‘मी’ हा शब्द नऊ वेळा आलाय. मोजला.)

प्रोमायाची टिंगल? मी सांगलीची. भर मे महिन्यात कानाला मफलर गुंडाळून ‘वारं लागेल’ म्हणणाऱ्या आजोबांची नात. बेलग्रेडच्या बसमध्ये अडतीस अंश तापमानात मी खिडकी उघडली आणि मागच्या सीटवरच्या आजींनी हात लांब करून ती बंद केली, तेव्हा मला हसू आलं ते ओळखीचं. ओळखीचं हसू आणि टिंगल यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला मी तो कसा समजावणार? सोडून देऊ.

आता ते वाक्य. ‘फक्त स्वयंपाकघर.’

हा ‘फक्त’ कुठून आला? इथला राजकीय इतिहास लिहिणाऱ्या एखाद्या गृहस्थाला तुम्ही ‘तुम्हाला फक्त संसद कळली’ असं लिहिलं असतंत का? नसतंत. संसद कळणं म्हणजे देश कळणं आणि चूल कळणं म्हणजे चूल कळणं, हे तुम्ही गृहीत धरलंय. माझी आजी सातवीपर्यंत शिकलेली, आयुष्यात सांगली, मिरज आणि पंढरपूर याच्यापलीकडे गेली नाही. पण वाड्यातल्या कुठल्या घरात पगार झाला नाही, कुठल्या सुनेला माहेरची आठवण येतेय, हे तिला कुणाच्या पिठाच्या डब्याच्या आवाजावरून कळायचं. मी त्या शाळेतली आहे. त्या शाळेला कमी लेखायचं असेल तर खुशाल लेखा, पण मग मी गप्प बसणार नाही.

मी इथे आले २०१३च्या शरदात. मला भाषेचे चाळीस शब्द येत होते आणि त्यातले तीस खाण्याचे. समोरच्या दारातल्या कोमशिनित्सानं, म्हणजे शेजारणीनं, पहिल्याच आठवड्यात घरी बोलावलं. दारात पायात घालायला पापुचे दिले, कारण थंड फरशीवर अनवाणी चालणं हा इथे प्रोमायाच्या खालोखालचा गुन्हा. मग एका छोट्या तबकात स्लात्को आलं: पाकातली अख्खी चेरी, एक चमचा आणि थंड पाण्याचा ग्लास. एक चमचा गोड खायचं आणि वर पाणी प्यायचं. मला शब्द एकही कळत नव्हता, पण गूळ-पाणी कळलं. मी तिथेच, त्या परक्या बाईसमोर, रडले. तिनं काही विचारलं नाही, दुसरा चमचा पुढे केला. परत जाताना तिनं मला एका वाडग्यात भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या दिल्या. दोन दिवसांनी मी त्या वाडग्यात शिरा घालून परत केला, कारण रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. हे मला तिनं शिकवलं नव्हतं आणि मीही तिला शिकवलं नव्हतं. ते वाडगं बारा वर्षं दोन दारांमधून जा-ये करतंय आणि आता ते कुणाचं, हे दोघींनाही आठवत नाही.

तर माणसं. मे २०१४ मध्ये सावा नदीच्या पट्ट्यात पूर आला. ओब्रेनोवात्स हे गाव पाण्याखाली गेलं आणि तिथल्या लोकांना बेलग्रेडच्या क्रीडागृहांत आणून ठेवलं. आमच्या इमारतीत बैठक नाही झाली, कुणी ठराव नाही केला. समोरचं दार उघडं राहिलं, एवढंच. तिच्या ओट्यापाशी तीन मजल्यांवरच्या बायका उभ्या राहून पावाला चीज आणि मांसाचे काप लावत होत्या. मला ते जमेना म्हणून मी माझ्या घरी पोळ्या लाटल्या, त्यात बटाट्याची भाजी गुंडाळली. एकशेवीस झाल्या, मग पीठ संपलं. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचा एक पोऱ्या ती टोपली घेऊन गेला आणि रिकामी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका माणसानं, जो तोपर्यंत माझ्याकडे बघून मानही हलवत नव्हता, मला ‘कोमशिनित्सा’ म्हटलं. माझ्याकडे इथल्या वास्तव्याचा परवाना आहे, त्यावर शिक्काही आहे. पण मी इथली झाले ती त्या लिफ्टमध्ये.

आणि भाषा? तीही ओट्यापाशीच शिकले. आमच्या समोरच्या घरची स्लावा संत निकोलाची, १९ डिसेंबरला. स्लावा म्हणजे प्रत्येक घराण्याचा एक संत आणि त्याचा दिवस. तो बापाकडून मुलाकडे जातो आणि लग्नानंतर बाईला नवऱ्याच्या घरचा मिळतो. कुलदैवत आणि कुळाचार, दुसरं काय. आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं, ज्यांना यायचं ते येतात आणि यायचंच असतं. दारातून आत आलं की आधी चमचाभर झितो, म्हणजे साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू. संत निकोलाचा दिवस नाताळाआधीच्या उपासात येतो म्हणून त्या दिवशी मांस-दूध नाही. मासे, फरसबीच्या सुक्या दाण्यांचं कालवण आणि भात-मशरूम भरलेली आंबट कोबीची पानं. मी एकीकडे पानं गुंडाळत होते आणि पलीकडे दोन बायका मीठ जास्त झालं की नाही यावर कडाकडा भांडत होत्या. मी हळूच विचारलं, या बहिणी का? उत्तर आलं, छे, ‘येत्र्वा’. सख्ख्या भावांच्या बायका. म्हणजे जावा! आपली ‘जाऊ’ संस्कृतच्या ‘यातृ’वरून आली आणि यांची येत्र्वा त्याच कुळातली. मग मी अधाशासारखी विचारत सुटले. नवऱ्याचा भाऊ? देवेर. म्हणजे दीर. मुलाची बायको? स्नाहा. म्हणजे स्नुषा, म्हणजे सून. नवऱ्याची आई स्वेक्र्वा, म्हणजे श्वश्रू, म्हणजे सासू. सगळं सासर तिथे हजर होतं. भाषेच्या वर्गात मी आठ महिने पैसे भरले होते, तिथे रेल्वे स्टेशनवर तिकीट कसं मागायचं ते शिकवलं. येत्र्वा कोबीच्या पानात मिळाली.

आता तुमचा चौथा मुद्दा. त्यावर मी काहीच लिहिणार नव्हते. पाहुण्यानं यजमानाच्या घरातली जुनी भांडणं चव्हाट्यावर मांडू नयेत, एवढं साधं कारण होतं. पण तुम्हाला वाटतंय की मला ती दिसलीच नाहीत, तेव्हा ऐका.

समोरच्या घरात कॉफीच्या डब्याच्या तळाशी ५०० अब्ज दिनारची नोट आहे, १९९३ची, वर झ्माय या कवीचं चित्र. शेजारणीच्या सासूनं ती मुद्दाम तिथे ठेवलेली, कारण त्या हिवाळ्यात भाव इतके भडकले होते की एवढ्या नोटेतही कॉफी येत नव्हती. ही झाली एक.

दुसरी तळमजल्यावरची. तिच्या बोलण्यात दुधाला ‘म्लीयेको’ येतं, बेलग्रेडमध्ये ‘म्लेको’ म्हणतात. त्या एका शब्दावरून दुकानदाराला कळतं की ही इथली नाही. ती आली क्रोएशियातल्या क्निनच्या बाजूनं, ऑगस्ट १९९५मध्ये तिथल्या सर्बांना पळावं लागलं तेव्हा, ट्रॅक्टरवर. दर वर्षी सप्टेंबर संपताना आम्ही चौघी-पाचजणी मिळून आयवर करतो. लाल मिरच्यांची पोती आणायची, भाजायच्या, गरम असतानाच पिशवीत कोंडायच्या म्हणजे साल सुटतं, मग सोलत बसायचं, दळायचं आणि तेलात तास न् तास ढवळायचं. त्या बाईच्या बैठकीच्या खोलीत मी शंभर वेळा बसले असेन, तिथे ती कधी १९९५बद्दल बोलली नाही. बोलली ती मिरच्या सोलताना. हात गुंतलेले, नजर खाली, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. नवरा अंगणातून ओरडला, लागेल तेवढंच घे. तिनं घाईत घेतलं काय, तर दळायचं यंत्र. जमिनीचे आणि जन्माचे सगळे कागद कपाटात राहिले. पुढे कितीतरी वर्षं ती कागदांसाठी कचेऱ्यांच्या खिडक्या-खिडक्यांतून फिरली. आयवर आजही त्याच यंत्रातून निघतो. ती हे हसत सांगत होती आणि बाकीच्या बायका ज्या पद्धतीनं मान न उचलता सोलत राहिल्या, त्यावरून मला कळलं की त्यांनी हे आधी ऐकलंय आणि दर वर्षी ऐकायचं असतं.

हे मी लेखात घातलं नव्हतं कारण ओट्यापाशी सांगितलेलं ओट्यापाशी राहतं. आज घातलं ते तुमच्यामुळे, आणि त्याचं मला बरं वाटत नाहीये. तिच्यासारख्या बायका सीमेच्या पलीकडेही आहेत आणि त्यांच्या गोष्टी उलट्या दिशेनं पळतात, तेही मला ठाऊक आहे. तुम्ही झाग्रेबमध्ये तीन वर्षं होतात. त्या तीन वर्षांत तुम्हाला कुणी स्वयंपाकघरात बसवलं का? हा टोमणा नाही. बरं, थोडा आहे.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नावानं लिहा, मग हवं ते म्हणा, अगदी ताईसुद्धा.

ता. क. स्लावाचं वर्ष बदललं आहे. आयवरला मी ‘चटणी’ म्हटलं होतं त्यावरही तुम्ही जाता जाता नाक मुरडलंत. तो शब्द तसाच ठेवला आहे. आयवर चटणी नाही हे मलाही कळतं, बारा वर्षं ढवळतेय. पण आता मुद्दाम बदलणार नाही. याला इथे ‘इनात’ म्हणतात.