स्पाचा पाऊस आणि आमच्याकडचा टीव्ही

मी फॉर्म्युला वन बघते. सूनबाई गाड्यांच्या रेस बघते ही बातमी इंदूरला रामबागेतल्या आमच्या नातेवाइकांत अशा दबक्या आवाजात सांगितली जाते की ऐकणाऱ्याला वाटावं मी सट्टाच लावते. नवऱ्याचा पाठिंबा आहे, म्हणजे तो दुसऱ्या खोलीत जाऊन झोपतो. बाकी मंडळी मात्र हॉलमध्येच असतात, टीव्ही एकच आहे, आणि युरोपातली रेस आपल्याकडे बहुतेकदा रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, जेव्हा देवाजवळ दिवा लावायचा असतो, चहा दुसऱ्यांदा टाकायचा असतो आणि काका येतात.

काका म्हणजे चुलत सासरे. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये दुकान, रविवारी बंद, म्हणून रविवारी आमच्याकडे.

आता सगळ्या सर्किटांमधे माझं लाडकं कुठलं तर बेल्जियममधलं स्पा-फ्रँकोरशाँ. आर्डेनच्या जंगलातलं, एक लॅप 7.004 किलोमीटरचा, सध्याच्या कॅलेंडरवर सगळ्यात लांब, आणि सगळ्यात खालच्या आणि वरच्या जागेत साधारण 100 मीटरचा फरक. ओ रूज नावाच्या वळणाला गाड्या खाली उतरतात आणि तशाच फुल स्पीडमधे राडियोंच्या चढावर जातात, वर पोचेपर्यंत पुढचं काही दिसत नाही. आणि पाऊस तर पाचवीला पुजलेला. ट्रॅक एवढा लांब की एका टोकाला धो धो आणि दुसरं टोक कोरडं, हे इंदूरच्या माणसाला समजवावं लागत नाही, विजयनगरला गुडघाभर पाणी असतं तेव्हा राजवाड्यावर लोक गॉगल लावून फिरत असतात.

तर 2021 चा ऑगस्ट. शनिवारी क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण पुढे उभं राहणार ते ठरवायची फेरी, तिथे पाऊस. लँडो नॉरिसची गाडी राडियोंला भिंतीवर आदळली, भिंगरीसारखी फिरली आणि मागून येणाऱ्या सेबास्टियन फेटेलने स्वतःची गाडी हळू करून त्याच्या शेजारी नेऊन विचारपूस केली. सासूबाई तेवढ्यात वाती वळायला येऊन बसल्या होत्या. "किती गुणाचा मुलगा गं," म्हणाल्या, "कोणाचा हा?" जर्मनीचा म्हटलं. "लग्न झालंय?" हो म्हटलं, मुलंही आहेत. "मग बरोबर आहे," म्हणाल्या. काय बरोबर आहे ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारी 29 तारीख, दुसऱ्या दिवशी जन्माष्टमी. सासूबाई सुंठवड्यासाठी सुकं खोबरं किसायला टीव्हीसमोरच बसलेल्या, बाबा, म्हणजे सासरे, आरामखुर्चीत डोळे मिटून, आणि स्पाला पाऊस असा की कॅमेऱ्याची काच पुसायला एक माणूस ठेवलेला बरा. सर्जियो पेरेझने तर ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, जाता जाताच गाडी ठोकली. मग सगळे सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांना हळू ठेवायला पुढे चालणाऱ्या गाडीच्या, मागे हळूहळू दोन चकरा मारून आले आणि लाल झेंडा. थांबले.

काका आले. "कोण पुढे आहे?"

"कोणी नाही काका, थांबलेत. पाऊस आहे."

"पावसाचे टायर नसतात?"

असतात की. पण ते टायर पाणी उपसून असं मागे उडवतात की मागच्याला पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसतच नाही, म्हणजे ज्या टायरने गाडी रस्त्यावर टिकते त्याच टायरने मागचा आंधळा होतो. हे मी खूप छान समजावलं असं मला वाटलं. काका म्हणाले, आपल्या यशवंतराव होळकर महाराजांकडे ड्यूसेनबर्ग गाडी होती, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी करून घेतलेली, ती काय पावसात थांबायची?

एक तास गेला. टीव्हीवर छत्र्या, रेनकोट घालून चिखलात उभे असलेले लोक आणि कॉमेंटेटर काहीतरी बोलायचं म्हणून बोलतायत. चॅनेल बदलण्याची मागणी पुढे येणार हे दिसत होतं म्हणून मीच इतिहास सांगायला सुरुवात केली. म्हटलं, हे सर्किट 1921 चं, फ्रँकोरशाँ, मालमेदी आणि स्तावलो या तीन गावांना जोडणारे सरळ सार्वजनिक रस्ते घेऊन केलेलं, साधारण 15 किलोमीटरचं. एका पेपरच्या मालकाने पुढाकार घेतला, गाड्यांची रेस जाहीर केली, आणि एंट्री आली एक. रद्द करून मोटरसायकलींची घ्यावी लागली.

"एकच होता तर त्यालाच देऊन टाकायचं बक्षीस," काका. धंद्याची नजर.

मग 1966 सांगितलं. पहिल्याच लॅपमध्ये पलीकडच्या बाजूला अचानक पाऊस लागला आणि गाड्या एकामागोमाग एक रस्ता सोडून गेल्या. जॅकी स्ट्युअर्ट मोडक्या गाडीत अडकला, अंगावर पेट्रोल, स्टीअरिंग काढल्याशिवाय बाहेर येता येईना आणि मदतीला कोणीच नाही. शेवटी त्याच्यासारखेच घसरलेले दोन ड्रायव्हर धावले आणि प्रेक्षकातल्या एकाच्या गाडीतून पाना मागून त्याला सोडवला. त्यानंतर हा माणूस सेफ्टीसाठी वर्षानुवर्षं भांडत राहिला, लोकांनी त्याला भित्रा म्हटलं तरी. किसणीचा आवाज थांबला होता. "मग थांबलेत ते बरंच आहे," सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं, फक्त रेस बघायची हौस आणि हे शहाणपण दोन्ही एकाच सोफ्यावर बसत नव्हतं.

शेजारच्या पोराने खिडकीतून विचारलं, "भाभी, अभी तक चालू नी हुई?"

नी हुई.

पुढचं सांगितलं. जुना धोकादायक ट्रॅक बंद करून 1979 ला सात किलोमीटरचा केला, 1983 ला फॉर्म्युला वन परत आलं, आणि 1985 ला खास पावसासाठी म्हणून नवीन डांबर टाकलं, तर ते रेसच्या वीकेंडलाच उन्हाने उखडलं. रेस जूनवरून सप्टेंबरवर गेली.

इथे बाबांनी डोळे उघडले. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत. खुर्चीत सरळ बसले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या रेसबद्दल प्रश्न विचारला.

"कॉन्ट्रॅक्टर कोण होता?"

मला माहीत नव्हतं. बेल्जियममधेसुद्धा नवीन रस्ता उखडतो या बातमीने त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. सप्टेंबरला आयर्टन सेना हा ड्रायव्हर जिंकला हे सांगितलं पण त्यात कोणाला रस नव्हता, डांबर सेट व्हायला किती दिवस द्यायला हवेत यावर चर्चा सुरू झाली होती.

जेवणं झाली. पावणेदहा वाजता गाड्या निघाल्या, सेफ्टी कारच्या मागे, ओव्हरटेक करायची मनाई, थोड्या चकरा मारून पुन्हा लाल झेंडा आणि खेळ खलास. निकाल धरला तो पहिल्या लॅपचा. व्हर्स्टापेन पहिला, रसेल दुसरा, हॅमिल्टन तिसरा, पोडियम झालं, शॅम्पेन उडाली, आणि गुण अर्धे. पंचविसाचे साडेबारा.

"साडेबारा!" काका उभे राहिले. "माल दिलाच नाही आणि बिल अर्धं? मग तिकिटाचे पैसे परत द्या." नंतर हॅमिल्टननेही तेच म्हटलं, प्रेक्षकांना पैसे परत मिळाले पाहिजेत. आणि 2022 पासून नियम बदलला, सेफ्टी कारशिवाय निदान दोन लॅप झाल्याच पाहिजेत, नाहीतर गुणच नाहीत. मी ही चूक केली की काकांना हे दाखवलं. तेव्हापासून हा नियम आपल्यामुळे झाला असं क्लॉथ मार्केटमध्ये बऱ्याच लोकांना माहीत आहे.

आता स्पाची रेस असली की हॉल भरतो. 2025 ला तर मला सोफ्यावर जागा मिळाली नाही. पुन्हा पाऊस, पुन्हा एक तास वीस मिनिटं थांबणं, बाबांचं लक्ष फक्त पाणी कुठे तुंबलंय तिथे, सासूबाईंचं "तो गुणाचा मुलगा दिसत नाही?" (2022 ला रिटायर झाला, दर वर्षी सांगते). शेवटी सेफ्टी कार आत गेली, आणि पियास्त्री नॉरिसला चिकटून ओ रूज उतरून राडियों चढून केमेल स्ट्रेटवर त्याच्या पुढे निघाला, अख्खी रेस ज्या एका ओव्हरटेकवर ठरली तो ओव्हरटेक, आणि काका चहाचा कप ठेवायला टीव्हीसमोर वाकले.

"रीप्ले दाखवतील की," बाबा म्हणाले.

दाखवला. तेव्हा काका बिस्किटाला उठले होते.