मायकेल रेनल्ड्स त्या दिवशी कर्तव्यावर होते का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 1975 मध्ये डब्लिनमध्ये बँक लुटणाऱ्यांचा पाठलाग करताना मारले गेलेले आयर्लंडचे गार्डा, म्हणजे पोलीस शिपाई, मायकेल रेनल्ड्स यांच्यावरील लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप दोन आहेत. ते सुट्टीवर होते आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची फाशी रद्द केली, तर त्यांना कर्तव्य बजावतानाच्या शौर्याचे पदक कसे मिळाले, हा पहिला. आणि पत्नी व लहान मुलगी गाडीत असताना दरोडेखोरांचा पाठलाग करणे हा बेजबाबदारपणा होता, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाचे मूळ निकालाच्या अर्धवट वाचनात आहे. आयर्लंडमध्ये 1964 च्या कायद्याने फाशीची शिक्षा मोजक्या गुन्ह्यांपुरती उरली होती आणि कर्तव्य बजावणाऱ्या गार्डाचा खून हा त्यांपैकी एक होता. 11 सप्टेंबर 1975 रोजी डब्लिनच्या किलेस्टर भागातील बँक लुटून निघालेल्यांच्या गाडीमागे रेनल्ड्स यांनी आपली गाडी घातली, तेव्हा ते साध्या कपड्यांत होते. विशेष फौजदारी न्यायालयाने 1976 मध्ये एका दाम्पत्याला फाशी सुनावली. अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे जो प्रश्न निर्णायक ठरला, तो रेनल्ड्स यांच्याविषयी नव्हताच. आपल्यामागे धावणारा माणूस पोलीस आहे याची आरोपींना जाणीव होती का, किंवा तो पोलीस असू शकेल ही शक्यता दिसत असूनही त्यांनी बेफिकिरीने गोळी झाडली का, हा तो प्रश्न होता. गणवेश नसल्यामुळे ती जाणीव गृहीत धरता येत नव्हती आणि म्हणून फाशी टिकली नाही. जन्मठेप मात्र दोघांनाही भोगावी लागली. मारणाऱ्याला काय ठाऊक होते आणि मरणारा काय करीत होता, हे दोन प्रश्न न्यायालयाने वेगळे ठेवले, आणि मला तो निकाल अत्यंत न्याय्य वाटतो, कारण एका पोलिसाच्या खुनाने देश संतापलेला असतानाही न्यायाधीशांनी कायद्याची कसोटी सैल होऊ दिली नाही. त्या निकालाने रेनल्ड्स यांचे कर्तव्य तसूभरही कमी होत नाही. गुन्हेगाराला पकडण्याची गार्डाची जबाबदारी पाळी संपली म्हणून संपत नाही.

आता दुसरा आक्षेप. रेनल्ड्स यांना मरणोत्तर दिले गेलेले स्कॉट सुवर्णपदक न्यूयॉर्कच्या कर्नल वॉल्टर स्कॉट यांच्या देणगीतून सुरू झाले. 1923 मध्ये त्यांनी एक हजार डॉलरचा रोखा दिला, पण त्याबरोबर एक अटही घातली, आणि ती आपण अवश्य लक्षात घ्यावी: कृत्य कितीही धाडसी असले, तरी ते कर्तव्य बजावताना, समजून-उमजून, स्वतःचा जीव धोक्यात घालून आणि त्या धोक्याची आधीपासून पूर्ण कल्पना असताना केलेले असले पाहिजे. केवळ आवेशाच्या भरात घेतलेली उडी या पदकाला पुरेशी ठरत नाही.

रेनल्ड्स यांना धोक्याची कल्पना नव्हती, असे मानणे मला तरी शक्य नाही. जेमतेम पाच वर्षांपूर्वी, 3 एप्रिल 1970 रोजी, डब्लिनच्याच ॲरन की येथे बँकेच्या दरोडेखोरांना सामोरे जाताना निःशस्त्र गार्डा रिचर्ड फॅलन मारले गेले होते, आणि डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या प्रत्येक गार्डाला ते माहीत होते. तरीही रहीनीच्या सेंट ॲन्स पार्कपाशी दरोडेखोर गाडी सोडून पळाले, तेव्हा रेनल्ड्सही आपल्या गाडीतून उतरले आणि कोणतेही शस्त्र हाती नसताना त्यांच्यामागे धावले. त्यांनी एकाला गाठून धरलेही. त्याच वेळी दुसऱ्या साथीदाराने त्यांच्या डोक्यात गोळी घातली.

पाठलाग सुरू झाला तेव्हा कुटुंब गाडीत होते, ही गोष्ट मलाही अस्वस्थ करते, आणि कोणत्याही पोलीस प्रशिक्षणात असा पाठलाग शिकवला जावा असे मी म्हणणार नाही. पण ज्या क्षणी समोरासमोर भिडण्याची वेळ आली, त्या क्षणी ते एकटे पुढे गेले. त्या कुटुंबाने मोजलेली किंमत फार मोठी होती, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ‘बेजबाबदारपणा’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे.