‘बारीक काळपट फ्लाय देऊन बोळवण केली’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोनच स्टार दिलेत, पण तक्रार सविस्तर आणि मराठीत लिहिलीत. म्हणून मीही मराठीतच लिहितो. इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर जलाशयावर ट्राउट माशासाठी येणाऱ्या आपल्या इतर मंडळींनाही उपयोग होईल.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. जुलैतल्या कडक उन्हाच्या शनिवारी तुम्ही बोट घेणार होतात. मोठे नारिंगी ब्लॉब (गळावर बांधलेले भडक, झुबकेदार गोळे) मागितलेत, तर मी नाही नाही ते प्रश्न विचारले आणि सहा बारीक, मळकट फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेले नकली किडे, हातात ठेवल्या. अकरा ते चार एकही मासा लागला नाही, शेजारच्या बोटीला मात्र नारिंगी ब्लॉबवर तीन मिळाले. शिवाय फ्लाय महाग, आणि ‘दुपारी घरी बसा’ हा आगाऊ सल्ला.

दिवस रिकामा गेल्याची चुटपुट मला कळते. पण फ्लाय मी विचार करूनच दिल्या होत्या, आणि पुन्हा त्याच देईन.

ब्लॉब मी विकतो आणि स्वतः वापरतोही. उन्हाळ्यात तो चालतो यामागे डॅफ्निया आहे. मोहरीच्या दाण्याहून लहान हे जीव उघड्या पाण्यात धुक्यासारखे पसरलेले असतात आणि रेनबो ट्राउट त्यांच्यामागे तोंड उघडून फिरतो. डॅफ्नियाला लख्ख उजेड सोसत नाही. ऊन चढलं की तो खाली उतरतो, ढग आले किंवा संध्याकाळ झाली की वर येतो, आणि ट्राउट त्याच्याबरोबर खालीवर करतो. भर दुपारी हे सगळं जेवण पंधरा फुटांवर चाललेलं असू शकतं. शेजारच्या बोटीत काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पण अशा दुपारी ब्लॉबवर लागोपाठ तीन मासे बहुधा सिंकिंग लाइनवरच, म्हणजे बुडणाऱ्या दोरीवरच मिळतात. डीआय-५ ही अशीच बुडणारी लाइन सेकंदाला साधारण पाच इंच बुडते. म्हणजे पंधरा फुटांसाठी ओढायला लागण्याआधी छत्तीस आकडे मोजावे लागतात.

तुमच्याकडे फक्त तरंगणारी लाइन होती. मी पहिला प्रश्न तोच विचारला होता. त्या लाइनवर ब्लॉब लावून ओढला असतात, तर तो माशांच्या डोक्यावरून दहा-बारा फूट उंचावरून गेला असता. उन्हाळ्यात आधी खोली ठरते, मग फ्लाय. रंगाचा नंबर त्यानंतर.

म्हणून मी तुम्हाला वरच्या दोन-तीन फुटांत चालेल असंच दिलं. दोन काळे बझर, १४ नंबरच्या गळाचे (नंबर मोठा तितका गळ लहान). बझर म्हणजे न चावणाऱ्या चिलटांचे कोश. ते तळातून सावकाश वर येतात आणि पृष्ठभागाखाली थबकतात, तिथेच ट्राउट त्यांना टिपतो. त्याच जागेसाठी एक शिपमन्स बझर, जो पाण्याच्या पापुद्र्यातच बसतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पोहत वरवर खाणाऱ्या माशासाठी त्याच्याइतकी भरवशाची फ्लाय मला माहीत नाही. दोन डिऑल बाख या साध्या, सडपातळ फ्लाय, कारण काय खातायत ते कळत नसेल तेव्हा त्या बऱ्याच गोष्टींसारख्या दिसतात. आणि एक ऑलिव्ह डॅमसेल, १० नंबरची. जून-जुलैत टाचणीची (डॅमसेल या चतुरासारख्या किड्याची) पिल्लं पंख फुटण्यासाठी काठाकडे, पाणवनस्पतींकडे पोहत येतात. नॉर्थ आर्म आणि साउथ आर्मच्या उथळ टोकांना ही फ्लाय अगदी हळू ओढायची.

बारीक आणि काळपट का, तर निवळ पाण्यात, डोक्यावर ऊन असताना ट्राउट फ्लाय निरखून घेतो. आपल्याकडे तळ्यात कणकेचा गोळा लावून बसलं की वास माशाला ओढून आणतो. फ्लायला वास नाही; आकार, खोली आणि चाल एवढंच तिच्याजवळ आहे. ब्लॅगडन जलाशयावर डॉ. हॉवर्ड बेल गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पकडलेल्या माशाचं पोट तपासून त्याप्रमाणे साध्या फ्लाय बांधत. जलाशयावरची निम्फची (पाण्यातल्या किड्यांच्या पिल्लांसारख्या फ्लायची) मासेमारी अशाच माणसांनी उभी केली. तुम्ही एखादा मासा घरी न्याल तेव्हा त्याचं पोट जरूर बघा. माझ्या दुकानातल्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त कळेल.

आता दुपारचा मुद्दा. तो सल्ला मी प्रत्येकाला देतो आणि देत राहीन. १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९ च. पाणी तापतं तशी माशाची गरज वाढते आणि मिळकत घटते. २० अंशांच्या आसपास ट्राउट खाणं सोडू लागतो, आणि वरच्या कोमट पाण्यात दमवून सोडलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी पुढे मरू शकतो. हे मला बघवत नाही. अशा दिवशी पहाटेपासून नऊपर्यंत आणि मग उन्हं कलल्यावर जा. परवानगी आहे तेवढे मासे घरी न्या आणि थांबा. तुम्ही मांडलेली वेळ नेमकी मधली होती. मी सांगितलेली वेळ आणि दिलेल्या फ्लाय एकमेकींशी जोडलेल्या होत्या, हे इथे स्पष्ट लिहितो, कारण अभिप्रायात त्या वेगळ्या झाल्या आहेत.

किमतीबद्दल एवढंच: स्वस्त फ्लायचा गळ चार पौंड वजनाच्या रेनबोपुढे सरळ होतो. मी तसा गळ ठेवत नाही.

पुढच्या खेपेला डीआय-५ लाइन भरलेली माझी रीळ एका दिवसासाठी घेऊन जा, पैसे नकोत. चार ब्लॉबही देतो, पण आकडे मोजून बुडवायचे. ऑगस्टच्या शेवटाकडे येणार असाल तर तोवर पर्च आणि रोच या माशांची पिल्लं काठाला जमतात, तेव्हा त्या पिल्लांसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या फ्राय-फ्लाय लागतील. न वापरलेल्या फ्लाय परत आणा, बदलून देईन. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी सकाळी सातला उघडतं.