सौदीची ‘शिल्लक’ आणि आपली ‘तूट’

एकच फॉरवर्ड या आठवड्यात मला तीन ग्रुपांवर मिळाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सौदी अरेबियाची निर्यात आयातीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून त्या देशाला दरवर्षी अब्जावधी डॉलरचा नफा होतो, तो पैसा संपणारा नाही, म्हणून तिथे कर नाहीत. आणि भारत? कायम तुटीत, म्हणजे कायम तोट्यात.

शेवटचं आधी उरकतो. तूट म्हणजे तोटा असेल, तर 2020-21 हे आपलं भरभराटीचं वर्ष म्हणायला हवं. त्या वर्षी भारताचं चालू खातं, म्हणजे वस्तू, सेवा आणि घरी पाठवलेले पैसे वगैरे धरून बाकी जगाशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा एकत्र हिशेब, चक्क शिलकीत होतं, कारण लॉकडाऊनमुळे आयातच आटली होती. पेढे वाटल्याचं कुणाला आठवतं का?

आता ‘नफा’. वस्तूंची निर्यात वजा आयात हा देशाच्या हिशेबातला फक्त एक रकाना. 2015 साली सौदीच्या त्या रकान्यात चाळीस अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक होती. तरीही चालू खात्यात पन्नास अब्जांहून मोठी तूट आली. मधले पैसे गेले कुठे? जहाजभाडं, विमा, परदेशी कंपन्यांची बिलं, सौदी लोकांचा परदेशप्रवास. आणि परदेशी कामगारांनी घरी पाठवलेला पगार. हा शेवटचा आकडा किरकोळ नाही, वर्षाला तीस-चाळीस अब्ज डॉलरच्या घरातला आहे. त्यातले काही आपल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांत येतात. सौदीच्या वहीत जे वजा, तेच आपल्या वहीत जमा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही पानं उलटलीच नाहीत.

‘न संपणारा पैसा’ हा तर सगळ्यात कच्चा मुद्दा. 2014च्या जूनमध्ये तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, 2016च्या जानेवारीत तिशीच्या खाली. विहिरी त्याच, शिल्लक मात्र भावाबरोबर घसरली. दुसरा देश असता तर त्याचं चलन पडलं असतं, आयात महागून आपोआप कमी झाली असती. पण रियाल 1986पासून डॉलरला 3.75 या दराने बांधलेला. मग तो दर टिकवण्याचा आणि सरकारी खर्चाचा भार गंगाजळीवर, म्हणजे देशाने साठवलेल्या परकीय चलनावर, पडला: 2014मध्ये सातशे अब्ज डॉलरच्या वर असलेली गंगाजळी 2017 अखेर पाचशेच्या आत आली. सप्टेंबर 2016मध्ये सरकारी नोकरांचे भत्ते कापले. पुढच्याच महिन्यात 17.5 अब्ज डॉलरचे रोखे परदेशी बाजारात विकले. ‘न संपणारा पैसा’ असलेलं राज्य कर्ज काढत होतं! आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. ऐंशीच्या दशकात भाव पडू नये म्हणून सौदीने उत्पादन कापत नेलं, तेव्हाही चालू खातं वर्षानुवर्षं तुटीतच होतं.

राहिले कर. पगारावर आयकर नाही, हे खरं. पण 2018च्या जानेवारीत 5 टक्के व्हॅट आला आणि जुलै 2020मध्ये, तेल पुन्हा कोसळल्यावर, तो थेट 15 टक्के झाला. शिवाय जुलै 2017पासून परदेशी कामगाराला सोबत ठेवलेल्या कुटुंबीयांसाठी माणशी महिना शंभर रियाल भरावे लागू लागले. दरवर्षी शंभराने वाढत 2020मध्ये ते चारशेवर गेले. बायको आणि दोन मुलं सोबत असतील, तर महिन्याला बाराशे रियाल. त्याच ‘करमुक्त’ पगारातून.