अर्धं बिस्किट

"थोडं वजन उतरवा," रिपोर्ट बाजूला ठेवत डॉक्टर म्हणाले. 'थोडं' ऐकून मला हायसं वाटलं. तेवढ्यावर उठून निघायचं सोडून थोडं म्हणजे किती, हे विचारायची अवदसा मलाच आठवली.

"सध्या पाच टक्के धरा. एवढ्यानंसुद्धा रक्तदाब आणि साखर दोन्हीला फरक पडतो. बाकीचं पुढे बघू."

पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. घरी येऊन ८६ किलोंचे ५ टक्के काढले, ते भरले ४ किलो ३०० ग्रॅम. त्या 'बाकीचं पुढे बघू'मध्ये आणखी किती किलो दबा धरून बसलेत, ते विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही.

माझी उंची १७० सेंटिमीटर. मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं वजनाला भागलं की बीएमआय येतो, माझा २९.८ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं लठ्ठपणाचं गाव ३०ला सुरू होतं, म्हणजे मी वेशीवरच बसलो होतो. हे सूत्र अडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियन गृहस्थानं १८३०च्या दशकात मांडलं. गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ. आकाशातले गोल मोजता मोजता त्याला जमिनीवरच्या गोलांची आठवण का व्हावी, कोण जाणे! पण त्याला लोकसंख्येतला सरासरी माणूस शोधायचा होता, कुणा एकाचं पोट मापायचं नव्हतं, हे वाचून मला भलतंच बळ आलं. पुढच्या भेटीत मी ते डॉक्टरांना ऐकवलं.

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. म्हणून आपण कंबरही मोजू या." आणि त्यांनी ड्रॉवरमधून टेप काढली. माणसाचा शहाणपणा अंगाशी येतो म्हणतात. माझा अंगाभोवती आला.

ही भेट होण्याआधी एक आठवडा मी माझ्या पद्धतीनं घालवला होता. सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी, रात्री पश्चात्ताप. चौथ्या दिवशी काटा दोन किलो खाली! मी घरभर दवंडी पिटली. माझी मुलगी अकरावीत आहे. तिला जीवशास्त्र आहे आणि बापाची कीव नाही.

"बाबा, ते पाणी आहे."

"कसलं पाणी?"

तिनं सांगितलं ते असं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवून ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. खाणं तोडलं की आधी ही शिल्लक मोडली जाते, आणि पाणीही तिच्यामागोमाग बाहेर पडतं. "एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. चार दिवसांत दोन किलो चरबी घालवायची तर रोज जवळजवळ चार हजारांची तूट हवी. तू दिवसाला तेवढ्या खातोस तरी का?"

प्रश्नाचा रोख मला आवडला नाही, पण गणित चुकलेलं नव्हतं. पाचव्या रात्री फ्रिजच्या उजेडात माझं व्रत मोडलं. सातव्या दिवशी ते दोन किलो परत आले, येताना दोनशे ग्रॅमचा पाहुणा सोबत घेऊन.

डॉक्टरांनी मग रीतसर आखून दिलं. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, त्याहून घाई नको. उपाशी राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट धान्य, उरलेल्या पावात डाळ, अंडी, मासे असलं काही. बंद काहीच नाही, हे ऐकून मी जवळजवळ उठून उभा राहिलो. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि तोंडात जाईल ते वहीत लिहा. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं कराच."

मला वाटलं, यात हेच सगळ्यात सोपं. मी हिशेब खात्यातला माणूस. वीस वर्षं लोकांची बिलं तपासतोय. प्रवासखर्चात घुसवलेली चहाची एक पावती मी शंभर कागदांतून हुडकून काढतो. मला कसली नोंदींची भीती!

पहिल्या दिवसाची नोंद: सकाळी अंडं, पाव. दुपारी भात, डाळ, भाजी. चार वाजता चहा, अर्धं बिस्किट. रात्री सूप, भाजी. एकूण १,१०० कॅलरी. बेरीज बघून मी थक्क झालो. एवढ्याशा खाण्यावर ८६ किलो सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नोहे.

वही बायकोच्या हाती लागली ती तिसऱ्या दिवशी. ती काही बोलली नाही. मुलीच्या कंपासपेटीतलं लाल पेन घेतलं आणि माझ्या निळ्या ओळींच्या मधे बारीक अक्षरात लिहीत बसली. संध्याकाळी उघडून पाहतो तर पान हळदीकुंकवासारखं लालेलाल.

"भाजी शिजली का पाहायला, चमचे ३." "मुलीच्या ताटात उरलेला भात, सगळा." "चहात साखर २ चमचे, लिहायची राहिली." "उरलेलं अर्धं बिस्किट, पाच मिनिटांनी. मी पाहिलं."

"अगं, चाखणं म्हणजे खाणं नव्हे," मी म्हणालो.

"अहो, मग चाखलेलं जातं कुठे?"

याला उत्तर नव्हतं. खरं म्हणजे माझ्याकडे प्रत्येक घासाचं वेगळं शीर्षक होतं. उभ्यानं खाल्लेलं 'किरकोळ'. मुलीच्या ताटातलं 'नासाडी टाळणे'. ऑफिसातला वाढदिवसाचा केक 'शिष्टाचार'. कुणी माझ्या टेबलावर असलं बिल आणलं असतं तर मी त्याला उन्हात उभं केलं असतं. पण इथे लुच्चा कारकून मी आणि तपासनीसही मीच. दोघांचं एकमेकांशी छान जमलं होतं. त्या अर्ध्या बिस्किटाचंच बघा ना. मी ते मोडलं, अर्धं खाल्लं, प्रामाणिकपणे 'अर्धं' असं लिहिलं आणि वही मिटली. दुसरं अर्धं खाल्लं तेव्हा वही मिटलेली होती. मिटलेल्या वहीत कसं लिहिणार?

आपण एकटेच असे नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी असेच काही लोक तपासले होते: 'आम्ही खातच नाही हो, तरी वजन हलत नाही' म्हणणारे. १९९२मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष छापून आला. मंडळींनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं, आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. दोन्ही चुका एकाच बाजूला. हिशेबात चूक नेहमी स्वतःच्या फायद्याची का होते, हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं.

लाल शाईतली सगळ्यात मोठी रक्कम मात्र बायकोच्याच खात्यावर निघाली, म्हणजे तेलाची. एका रविवारी मी कढईपाशी उभा राहिलो. ती नेहमीप्रमाणे बाटली तिरकी करून एक फेरी घालणार, इतक्यात मी मधे वाटी धरली. फेरीभर तेल वाटीत आलं. मग ते चमच्यानं मोजून परत बाटलीत भरायला लागलो. मोठा चमचा, १५ मिलिलिटरचा. एक. दोन. तीन. चौथा अर्ध्याच्या वर गेला. तीन चमच्यांपर्यंत ती मजेत होती, चौथ्याला तिनं माझ्या हातातून चमचा घेऊन स्वतः पाहिला. एका चमच्याला साधारण १२० कॅलरी. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ देतात, स्निग्ध पदार्थ ९. म्हणजे भाजी कढईत पडण्याआधीच चारशेच्या वर जमा. नमनालाच घडाभर तेल, अक्षरशः! त्या दिवसापासून कढईशेजारी चमचा आला. पहिले चार दिवस भाजी रुसल्यासारखी लागली, मग सवय झाली. तपासणी दोन्ही बाजूंनी होते म्हटल्यावर घरात शांतताही आली.

व्यायामाबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही, कारण चालताना घडतं काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही करा म्हणते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये. मला एरवीही गाता येत नसल्यानं ही कसोटी माझ्या उपयोगाची नव्हती. दहा हजार पावलांचा नादही मी लवकरच सोडला. तो आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नाही. स्नायूंसाठी मी खुर्चीतून हात न टेकता उठबस करतो. शाळेत हीच शिक्षा होती, आता फक्त कान मोकळे असतात.

पण चालण्याचा खरा धोका पायांना नाही, हिशेबाला आहे. चाळीस मिनिटं भरभर चालून माझ्या जेमतेम दोनशे कॅलरी खर्च होतात. घरी येईपर्यंत मात्र मला आपण डोंगर उतरून आल्यासारखं वाटतं, आणि डोंगर उतरून आलेल्या माणसाला चार बिस्किटं नाकारणार कोण? पाकिटावर छापलंय: एकाला पन्नास. चार पन्नास दोनशे. चाळीस मिनिटं मी नेमका चहाच्या टेबलापर्यंत चालून आलो होतो.

एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता: ही चरबी जाते कुठे? घामातून? मुलीनं पुन्हा मान हलवली. "बहुतेक श्वासातून." दहा किलो चरबी शरीरात पुरती जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं.

"मग मी जोरजोरात श्वास सोडू का?"

"सोड ना. चक्कर येऊन पडशील, तेवढाच व्यायाम."

या विषयात मला सगळ्यात जवळचा वाटला तो सांतोरियो. इटलीतला वैद्य, चारशे वर्षांपूर्वीचा. त्यानं मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तीसेक वर्षं स्वतःला, खाल्लेल्या-प्यायलेल्याला आणि बाहेर टाकलेल्यालाही तोलत राहिला. आत गेलेल्यातला बराच मोठा भाग न दिसता उडून जातो, असं त्याच्या लक्षात आलं. मी बायकोला म्हटलं, बघ, माणसं तीस तीस वर्षं तराजूत बसायची. ती म्हणाली, "त्याच्या बायकोचं काही लिहून ठेवलंय का कुणी?"

मी काही तराजूत बसलो नाही, पण सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढायचो जरूर. एकाच दिवसात दीड किलोचा फरक पाहिला. आदल्या रात्री खारट खाल्लं की सकाळी काटा वर, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. चष्मा काढून चढलो, श्वास रोखून चढलो, एक पाय भिंतीला टेकवूनही चढलो. शेवटी बायकोनं काटा पलंगाखाली ढकलला, आता तो रविवारी सकाळी एकदाच बाहेर निघतो. मधे तीन रविवार एकाच आकड्यावर ठाण मांडून बसला. मी डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेलो, तर ते म्हणाले, वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्चही उतरतो, जेवण तेच ठेवलंत तर तूट आपोआप कमी होते. थोडक्यात, माझ्या शरीरानं काटकसर सुरू केली होती. आयुष्यभरात पहिल्यांदा, आणि तीही नको तेव्हा.

अकरा आठवडे झाले. काटा ८१.९ दाखवतो, म्हणजे ४ किलो १०० ग्रॅम गेले. ऑफिसात कुणाच्याही लक्षात आलं नाही. एकानं फक्त "बरं नाही का?" असं विचारलं. डॉक्टरांकडे परवा जायचंय आणि पाच टक्क्यांना दोनशे ग्रॅम कमी पडतायत.

काल रात्री झोप लागेना. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. दिवा लावला नाही, गरजही नव्हती, तो डबा मला अंधारातही सापडतो. झाकण अंगठ्यानं दाबून धरत उघडलं, म्हणजे आवाज होत नाही. दोन्ही खोल्यांतून घोरण्याचे आवाज येत होते, एक बारीक, एक भरदार. खाऊन झालं, हात पुसला. वही ओट्यावरच होती, तिच्यावर लाल पेन.

मग दिवा लावला आणि लिहिलं: "रात्री ११:१०. खारे दाणे, एक मूठ. कुणी पाहिलं नाही."

दिवा घालवायला हात नेला आणि पुन्हा पानाकडे बघितलं. 'एक' खोडून 'दीड' केलं.